पडण्याची तालीम

पडायचं कसं हे कुणालाच येत नाही, हे धाकटीला कळलं तेव्हा मनगटी पट्ट्याचं निम्म्याहून अधिक काम उरकलं होतं. पट्टा दिसायला घड्याळासारखा. म्हातारं माणूस घरात एकटं असताना पडलं, तर पट्ट्याने ते आपलं आपण ओळखायचं आणि मुलाला, सुनेला, शेजाऱ्याला, ज्याचा नंबर दिला असेल त्याला फोन लावायचा, एवढंच त्याचं काम. आतला सेन्सर हाताची बारीकसारीक हालचाल टिपत होता, बॅटरी आठवडाभर पुरत होती, पाण्यात बुडवला तरी पट्टा कुरकुरत नव्हता. घोडं अडलं होतं एकाच ठिकाणी. पडणं म्हणजे काय हे पट्ट्याला शिकवायला हवं होतं, आणि शिकवायचं तर तो बांधून कुणीतरी पडायला हवं होतं. एकदा नव्हे, पुन्हा पुन्हा, तऱ्हेतऱ्हेने.

धाकटी या पट्ट्याची कर्तीधर्ती. भावंडांत शेवटची म्हणून घरात धाकटी, आणि एकदा तिच्या बाबांनी ऑफिसात फोन करून ‘धाकटी आहे का’ असं विचारल्यापासून ऑफिसातही धाकटीच. ऑफिस म्हणजे एका फर्निचरच्या दुकानावरची लांबट खोली. एका टोकाला पट्ट्यांचे साचे घडवणारा थ्रीडी प्रिंटर दिवसभर कण्हत असायचा, दुसऱ्या टोकाला सर्किटना डाग देण्याचं, सोल्डरिंगचं टेबल, आणि मधल्या तारांच्या गुंत्यात शंकासुर बसलेला. हा सॉफ्टवेअर लिहायचा. त्याचं हे बारसं कंपनीच्या मालकांनी केलं होतं, कारण ‘आज उकडतंय’ म्हटलं तरी तो मान वर न करता ‘कशावरून?’ असं विचारायचा. मालक स्वतः भला माणूस. कंपनीची काळजी वाहून वाहून त्यांचे खांदे कायमचे कानांजवळ आले होते.

खालच्या दुकानातून गाद्या मागवून तिघांनी पडायला सुरुवात केली. मालकांनी पहिला मान घेतला. पण ते पडले ते हप्त्याहप्त्याने. आधी हात टेकला, मग गुडघा, मग अंमळ विचार करून उरलेले मालक. शंकासुराने गादी दाबून पाहिली, चष्मा काढून ठेवला, खिसे रिकामे केले आणि तो सावकाश आडवा झाला. त्याला पडणं म्हणायला पट्टाही तयार नव्हता. धाकटीने डोळे मिटून अंग सोडायचं ठरवलं, पण ऐन वेळी पायांनी तिला न विचारता एक पाऊल पुढे टाकलं. शेवटी कपड्यांच्या दुकानातला पुतळा आणला. तो इमानेइतबारे पडला खरा, पण तिसऱ्या खेपेला त्याचा हात निखळून प्रिंटरखाली गेला, आणि शंकासुराने विचारलं, की ज्याला पडायची भीतीच नाही त्याच्याकडून पट्टा काय शिकणार?

घरी येऊन धाकटीने ही रड बाबांना ऐकवली, तेव्हा ते पेपरातून डोकं न काढता म्हणाले, की मग ताईला विचार ना.

ताई म्हणजे बाबांची थोरली बहीण, धाकटीची आत्या. आत्याने उभी हयात रंगभूमीवर काढली होती, आणि त्यातली बरीचशी जमिनीवर. नायिकेचं काम तिच्या वाट्याला कधी आलं नाही, पण नाटकात कुणी मूर्च्छा येऊन पडायचं असलं, विष पिऊन मरायचं असलं, की दिग्दर्शक डोळे झाकून आत्याला बोलावत. ती पडली की पहिल्या रांगेतली माणसं उठून उभी राहत. आता ती दोन गल्ल्या सोडून दुसऱ्या मजल्यावर एकटीच राहायची, आणि कुणी आपल्याला काही काम सांगत नाही याचा राग वाण्यावर आणि दूधवाल्यावर काढायची.

धाकटीने शब्द टाकायचा अवकाश, आत्या दुसऱ्या दिवशी सकाळी रेशमी स्कार्फ बांधून ऑफिसात हजर झाली. गाद्या तिने बाजूला सारायला लावल्या, पातळ सतरंजी तेवढी ठेवली. उजेड कुठून येतो ते पाहिलं. मग पट्टा मनगटावर चढवून तिने विचारलं, की कोणतं पडणं हवंय? तिच्याकडे बरेच प्रकार होते. वाईट बातमी ऐकून पडणं वेगळं, उपाशीपोटी पडणं वेगळं, पाठीत सुरा लागून पडणं तर अगदीच वेगळं, त्यात आधी आश्चर्य दिसावं लागतं. मालक चाचरत म्हणाले, सगळीच दाखवा. आणि आत्याने ती दाखवली. तिच्या पहिल्या मूर्च्छेला मालकांनी हातातला कप सोडला. शंकासुर खुर्चीवरून अर्धवट उठला आणि ओशाळून परत बसला. आठवडाभर आत्या पडत होती, पट्टा शिकत होता, आणि खालून दुकानदार दोनदा येऊन वर नक्की काय चाललंय याची चौकशी करून गेला. आठवड्याअखेरीस आत्या पडली रे पडली, की टेबलावरचा फोन वाजू लागला. एकही पडणं पट्ट्याने चुकवलं नाही. मालकांचे खांदे बोटभर खाली आले.

मग पट्टा बाबांच्या मनगटावर बांधून पाहायचं ठरलं. बाबा निवृत्त भूगोलशिक्षक. पहिले काही दिवस ते कौतुकाने जो येईल त्याला पट्टा दाखवत होते. एका दुपारी ते टीव्हीवर सामना बघत होते, आणि त्यांचा संघ जिंकता जिंकता हरला. बाबांनी दीर्घ श्वास घेतला, कपाळाला हात लावला आणि अंग आरामखुर्चीत झोकून दिलं. त्याबरोबर पट्ट्याने धाकटीला फोन लावला, तिच्या परगावच्या थोरल्या भावाला लावला, शेजारच्या डॉक्टरीणबाईंना लावला. धाकटी एका पायात चप्पल आणि एका पायात बूट अशी धावत आली. डॉक्टरीणबाई पेशंट तसाच टेबलावर सोडून आल्या. बाबा रिमोट हातात घेऊन बसले होते, आणि सगळे आपल्या दुःखात सहभागी व्हायला आले असं समजून क्षणभर त्यांना गहिवरूनही आलं.

हे हसण्यावारी नेता आलं असतं. पण पुढच्याच आठवड्यात बाबा दिवा बदलायला स्टुलावर चढले आणि स्टुलासकट खाली आले. कोपर सोलवटलं, मांडी ठेचकाळली. पट्ट्याने शांतपणे किती वाजले ते दाखवलं. बाबा जमिनीवर बसून बराच वेळ त्याच्याकडे बघत राहिले. शेवटी सरकत सरकत फोनपर्यंत जाऊन त्यांनी स्वतःच धाकटीला फोन लावला.

“मी पडलोय,” ते म्हणाले. “तुझ्या पट्ट्याला कळवतेस का?”

धाकटीला हसावं की रडावं कळेना. तिने बाबांच्या कोपराला मलम लावलं. स्टूल जरा उंच असतं तर, हा विचार तिला दिवसभर सोडेना.

शंकासुराने आत्याच्या पडण्याचा आलेख आणि बाबांच्या पडण्याचा आलेख पडद्यावर शेजारी शेजारी लावले. आत्याचा आलेख देखणा होता. आधी एक श्वास, मग छोटासा थांबा, मग लोकांना चेहरा दिसावा म्हणून घेतलेली अर्धी गिरकी, आणि मग जमीन. बाबांचा आलेख म्हणजे कोंबडीचे पाय शाईत बुडवून कागदावर सोडल्यासारखा, आणि शेवटी एक धप्प. पट्टा त्या श्वासाची वाट बघत राहिला होता. शंकासुर म्हणाला, की आपण पट्ट्याला पडणं शिकवलंच नाही, नाटक बघायला शिकवलं. हे सांगताना त्याच्या आवाजात शंकेचा लवलेश नव्हता, आणि त्यानेच धाकटीला जास्त भीती वाटली.

आत्याला हे सांगायचं कोणी, यावर चर्चा झालीच नाही. मालक आणि शंकासुर दोघंही एकदम आपापल्या पडद्यात डोकं खुपसून बसले. धाकटी संध्याकाळी आत्याकडे गेली. चहा घेतला, खिडकीच्या पडद्यांचं कौतुक केलं, कुंडीतल्या झाडाची विचारपूस केली. आत्याने ते सगळं ऐकून घेतलं आणि कप खाली ठेवला.

“झाडाला काही झालेलं नाही,” ती म्हणाली. “काय झालंय ते सांग.”

धाकटीने सांगितलं. आत्या खिडकीबाहेर बघत ऐकत होती.

“म्हणजे मी खोटी पडते.”

“आत्या, तू फार छान पडतेस. तिथंच तर अडलंय.”

धाकटीला वाटलं, आता ही आपल्याला हाकलून देणार, किंवा त्याहून वाईट म्हणजे रडणार. आत्याने दोन्हीपैकी काहीच केलं नाही. नाट्यसमीक्षकांनी आपल्या आवाजाला नावं ठेवली, नाकाला ठेवली, पण पडण्याला आजवर कुणी बोट लावलं नव्हतं, एवढंच तिने सांगितलं. मग उठून कप विसळता विसळता, पाठमोरीच राहून तिने विचारलं, की खरं पडणं कुठे बघायला मिळेल?

हा प्रश्न धाकटीच्या डोक्यातही घोळत होताच. खऱ्या पडणाऱ्यांच्या शोधात ती गावभर फिरली आणि शेवटी तिला ते घबाड सापडलं. जुन्या गोदामात चाकांच्या बुटांवर चालायला शिकवणारा एक वर्ग होता, आणि शनिवारी तिथे मोठ्या माणसांचे धडे असत. शिकवणाऱ्या बाईंच्या गळ्यात शिट्टी होती आणि स्वभावात दयामाया नव्हती. शिकणाऱ्यांत दातांचे एक डॉक्टर होते, एकमेकींशी न बोलणाऱ्या दोन जावा होत्या, आणि बँकेतून नुकतेच निवृत्त झालेले, आयुष्यात काहीतरी धाडस करायचं राहून गेलेले एक साहेब. सगळ्यांच्या गुडघ्याकोपरांना जाड गाद्या बांधलेल्या. पट्टे बांधायला कुणीच आढेवेढे घेतले नाहीत. आपल्या पडण्याचा कुणाला तरी उपयोग आहे हे ऐकून बँकेतले साहेब तर खूशच झाले.

शिट्टी वाजली आणि माणसं पिकल्या फळांसारखी पडू लागली. शंकासुर कोपऱ्यात लॅपटॉप घेऊन बसला होता, त्याच्या चेहऱ्यावर लग्नघरातल्यासारखा आनंद होता. आत्या बाकावर चष्मा लावून बसली होती. सुरुवातीला तिने नाकं मुरडली. डॉक्टर पडले ते पोत्यासारखे, थोरल्या जावेने तोंडाचा असा काही आ केला की बघवेना, असं तिचं चाललं होतं. मग तिची शेरेबाजी हळूहळू थांबली. बँकेतले साहेब हात पवनचक्कीसारखे फिरवत, एक पाय हवेत, कमरेत तीनदा वाकून, धाकट्या जावेला धरून तिच्यासकट खाली बसले, तेव्हा आत्या पुढे झुकून बघत होती.

“अगं, यांच्यातल्या कुणालाच पडायचं नाहीये,” ती धाकटीला म्हणाली. “मी पडायचं ठरवून पडते. ही माणसं जमीन लागेपर्यंत भांडतात बघ.”

शंकासुराने नेहमीप्रमाणे कशावरून असं विचारलं, पण विचारता विचारताच तो आलेख खाली-वर करू लागला होता. आकड्यांतही तेच उतरलं होतं. पडण्याआधी एक झटापट होती. हात आधी एकीकडे, मग दुसरीकडे, मग काहीतरी धरायला, आणि हे सगळं पापणी लवायच्या आत. आजवर हा सगळा गोंधळ कचरा समजून तो गाळून टाकत होता. आता त्याने तोच जपून ठेवला.

अर्थात तो शंकासुर असल्यामुळे तेवढ्यावर त्याचं समाधान झालं नाही. चाकांवरचं पडणं वेगळं आणि म्हातारपणातलं वेगळं, या मुद्द्यावर त्याने सगळ्यांचं डोकं खाल्लं. ज्येष्ठांच्या क्लबातल्या मंडळींना पट्टे देऊन कितीतरी महिने वाट पाहिली गेली. माणसं पडावीत अशी इच्छा धरता येत नाही आणि पडली नाहीत तर काम होत नाही, अशा चमत्कारिक पेचात ते दिवस गेले. कुणी पायरीवर अडखळलं, कुणी पलंगावरून घसरलं, आणि त्यांना फारसं लागलेलं नाही याची खात्री झाली की मगच शंकासुर आपला आनंद बाहेर काढायचा.

या काळात आत्याला नवं काम मिळालं. पट्ट्याला फसवायचं. खरं पडणं ओळखायचं तर खोटं पडणंही ओळखता यायला हवं, नाहीतर प्रत्येक हरलेल्या सामन्यानंतर डॉक्टरीणबाई धावत येणार. आत्या या कामात जीव ओतून उतरली. श्वास गाळला, गिरकी गाळली, घरी आरशासमोर धडपडायची तालीम केली. पहिल्या पहिल्यांदा पट्टा फसायचा आणि आत्या सतरंजीवर पडल्या पडल्या शंकासुराकडे विजयी नजरेने बघायची. तो दात-ओठ खात सॉफ्टवेअर बदलायचा. दुसऱ्या दिवशी आत्या काहीतरी नवीन शोधून आणायची. दोघांचं सासू-जावयासारखं जुंपलं होतं. चहा मात्र एकमेकांशिवाय घेत नसत.

पट्ट्याच्या रूपातही आत्याने हात घातला. तो जाड काळा पट्टा बांधून बाजारात गेलं की पोलिसांनी नजर ठेवायला बांधलाय असं वाटतं, असं तिचं म्हणणं. शिवाय तिच्या मैत्रिणीची बोटं कापतात, तिला ती बक्कल एका हाताने लावताच येत नाही. धाकटीने खूप दिवस खपून पट्टा निम्म्याने अरुंद केला, बक्कल काढून चुंबकाचा चाप बसवला, आणि काळ्याच्या जोडीला गर्द हिरवा आणि विटकरी रंग आणले. आत्याने हिरवा घेतला, आणि घेताना बरा आहे असं म्हणाली. तिच्या तोंडून हे म्हणजे प्रशस्तिपत्रच.

मग वृद्धाश्रम चालवणाऱ्या एका मोठ्या संस्थेचे व्यवस्थापक पट्टा बघायला आले. गृहस्थ करारी. हसले तर पगार कापला जाईल असा चेहरा. धाकटीने त्यांच्या मनगटावर पट्टा बांधला, शंकासुराने चाचणीसाठी एखादा नंबर मागितला, त्यांनी बायकोचा दिला. आत्या एका बाजूला, ‘आमच्या सल्लागार’ म्हणून बसली होती. मालकांनी प्रोजेक्टर लावून बोलायला सुरुवात केली. आता आत्याने पडायचं आणि पट्टा गप्प राहतो हे पाहुण्यांना दाखवायचं, असं ठरलं होतं. पाहुण्यांना आधी कल्पना द्यायची, असंही ठरलं होतं. पण मालक घाबरून ते सांगायला विसरले.

आत्या पाण्याचा पेला उचलायला उठली. पेला हातातून सुटला. तिने टेबलाची कड धरू पाहिली, ती निसटली, हात हवेत भेलकांडला, आणि ती अशी कोसळली की सगळं आधी माहीत असूनही धाकटीने सावरायला हात पुढे केला. आत्याच्या मनगटावरचा हिरवा पट्टा ढिम्म होता. व्यवस्थापक मात्र ताडकन उठले, मदतीला धावले, प्रोजेक्टरच्या वायरीत त्यांचा पाय अडकला, आणि पवनचक्कीला लाजवतील असे हात फिरवत ते आत्याच्या शेजारी सतरंजीवर सपशेल आडवे झाले.

तेवढ्यात व्यवस्थापकांच्या खिशातला फोन वाजला, आणि पट्ट्याने सावध केलेल्या त्यांच्या बायकोचा खणखणीत आवाज खोलीभर ऐकू आला.

“आता कुठे धडपडलात?”

आत्याने एक डोळा उघडला. शेजारी पडलेल्या व्यवस्थापकांना तिने आपादमस्तक न्याहाळलं.

“हे खरं,” ती शंकासुराला म्हणाली. “बघून ठेव.”

व्यवस्थापक उठून बसले. बायकोला काही झालं नसल्याचं सांगितलं, तिने दोनदा खात्री करून घेतली, आणि मग त्या करारी माणसाला हसू आवरेना. मालक माफी मागत होते, त्यांचे खांदे पुन्हा कानांवर गेले होते. पण व्यवस्थापकांनी पट्टा हातातून काढून दिलाच नाही. आधी एका आश्रमासाठी पट्टे हवेत, असं ते जाताना सांगून गेले, आणि एक विटकरी घरी न्यायला मागून घेतला.

त्यानंतर आत्या हिरवा पट्टा घरीही घालू लागली. एका दुपारी धाकटीचा फोन वाजला. आत्याचा पट्टा, पडल्याची सूचना. धाकटीला वाटलं, झालं, हिने शेवटी फसवलंच. तिने आत्याला फोन केला, तो कुणी उचलला नाही, आणि नाटक रंगवायचं तर आत्या तो उचलणारच नव्हती. शंकासुराने मात्र पडद्यावर वाकून आलेख पाहिला आणि खुंटीवरची छत्री आणि ऑफिसच्या किल्ल्या उचलल्या. त्याचा चेहरा बघून धाकटी त्याच्या आधी दाराशी पोचली.

दोघं पळत गेली. धाकटीकडे आत्याच्या घराची जादा किल्ली होती. आत्या स्वयंपाकघरात जमिनीवर, कपाटाला टेकून बसली होती. सांडलेल्या पाण्यावरून पाय सरकला होता. घोटा टम्म सुजला होता, आणि फोन वर ओट्यावर, हात पोचणार नाही अशा जागी वाजून वाजून थांबला होता. धाकटीला बघून तिने आधी पदर नीट केला, आणि मग धाकटीचा हात जो धरला तो बराच वेळ सोडला नाही. हात गार पडला होता. धाकटीला आठवत होतं तेव्हापासून आत्याने कुणाचा हात असा धरलेला नव्हता.

पाय मोडला नव्हता. डॉक्टरीणबाईंनी फोनवर सांगितलं, मुरगळलाय, तरी दवाखान्यात घेऊन या. दोघांनी दोन्ही बाजूंनी धरून आत्याला जिन्याने उतरवायला सुरुवात केली. तिला दुखत होतं, पण त्याहून तिला आणखी काहीतरी टोचत होतं, आणि पहिल्या वळणावर ते बाहेर आलं. पडले तर खरी, पण कशी पडले तेच आठवत नाही. बघायलाही कुणी नव्हतं.

“पट्टा होता,” शंकासुर म्हणाला.

आत्याने त्याच्याकडे कौतुकाने की रागाने पाहिलं ते अंधुक जिन्यात धाकटीला कळलं नाही. मग पायरीगणिक थांबत आत्या कसं झालं असावं ते सांगू लागली. पहिल्या मजल्याशी या गोष्टीत ती नुसती घसरली होती. पुढच्या वळणावर तिने ओटा धरायचा प्रयत्न केला होता, त्याच्यापुढे भांडं गडगडलं होतं, खिडकीतून वारा आला होता. तळमजल्यावर पोचेपर्यंत पडणं चांगलंच रंगलं होतं, आणि धाकटी ते हुं हुं करत, आत्याचा हात घट्ट धरून ऐकत होती.